महिला स्वच्छतागृहातील जनजागृतीची खोकी

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग,
ग्राहक सेवा कार्यालय, तिसरा मजला.

(आपण दौऱ्यावर असल्याने अर्ज आपल्या टेबलावर, पेपरवेटखाली ठेवला आहे. दालनात शिरताच कृपया प्रथम हाच वाचावा.)

विषय : मूत्रपिंड आरोग्य जनजागृती अभियानाच्या साहित्याची जागा बदलल्याबद्दल कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) 'निरोगी मूत्रपिंड, निरोगी कार्यालय' या अभियानाविषयीचे आपले परिपत्रक.
२) याच विषयावरील माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांवर 'पाहिले' असा आपला शेरा आहे.
३) भांडारपालांशी झालेली समक्ष चर्चा व पाहणी.

महोदय,

१. मी या कार्यालयाच्या ग्राहक तक्रार खिडक्यांवर वरिष्ठ लिपिक म्हणून कार्यरत असून, संदर्भ क्र. १ अन्वये आपण मजकडे 'मूत्रपिंड आरोग्य दूत' हा अतिरिक्त कार्यभार सोपविला आहे. निवडीच्या कारणापुढे "सदर कर्मचारी फावल्या वेळात वाचताना आढळतात" असे नमूद आहे. तो गौरव होता की ठपका, हे मी विचारले नाही. गेल्या शनिवारी मी आपल्या अनुपस्थितीत व आपल्या लेखी परवानगीशिवाय एक कृती केली आहे. ती कोणती, हे योग्य परिच्छेदात येईल. आधी सांगितल्यास आपण पुढचे वाचणार नाही, अशी मला साधार भीती वाटते. तूर्त एवढेच ध्यानात घ्यावे, की खिडकी क्रमांक दोनवरील कनिष्ठ लिपिकेची प्रकृती व तिची नोकरी या दोन्ही गोष्टी पणाला लागल्या होत्या, आणि दोन्ही एकदा गेल्या असत्या तर कोणत्याही अर्जाने परत आल्या नसत्या.

२. दूत या नात्याने मी अभियानाच्या माहितीपत्रकाची नमुना प्रत पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचली. या कार्यालयात ते वाचलेली मी एकटीच आहे, आणि त्यात इतरांचा दोष का नाही हे पुढे येईलच. पत्रक चांगले आहे. मूत्रपिंडे मुठीएवढी असतात, पाठीच्या बाजूला बरगड्यांच्या आडोशाने राहतात आणि अहोरात्र रक्त गाळतात, हे त्यातून कळते. त्यांचे काम बिघडू लागले तरी ती बराच काळ कुरकुर करीत नाहीत. या बाबतीत ती आपल्या कार्यालयाच्या सफाई कामगार मावशींसारखी आहेत, ज्यांची आठवण त्या रजेवर गेल्यावरच होते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवावी, मीठ हात राखून घ्यावे, अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता खाऊ नयेत, लघवीची व रक्ताची साधी तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. त्यानंतरचा मुद्दा असा : "पुरेसे पाणी प्या आणि लघवी रोखून धरू नका." महोदय, या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाची अंमलबजावणी कार्यालयाने अत्यंत काटेकोरपणे केली आहे. प्रस्तुत अर्ज दुसऱ्या भागाबद्दल आहे.

३. अभियानाचे साहित्य, म्हणजे माहितीपत्रके, फलक, बिल्ले व पुठ्ठ्याची मोठी मूत्रपिंडे, खोक्यांतून आले. ही खोकी "कोरड्या, कुलूपबंद व उंदीरमुक्त जागेत ठेवावीत व उद्घाटनापूर्वी उघडू नयेत" असे परिपत्रकात म्हटले आहे. भांडारपालांना, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतो, परिपत्रकातील शब्द न् शब्द पाळल्याखेरीज जेवण गोड लागत नाही. त्यांनी मजल्यावरील, त्यांच्याकडे किल्ली असलेली प्रत्येक खोली पाहिली. आपल्या विभागाकडे सगळीकडच्या गळतीच्या तक्रारी येतात; आपल्या स्वतःच्या गळतीची तक्रार कोणत्या खिडकीवर करावी, याबाबत मी पूर्वी मार्गदर्शन मागविले होते, ते अद्याप अप्राप्त आहे. सबब त्यांत कोरडी खोली एकच निघाली. ती म्हणजे महिला स्वच्छतागृह.

ते कोरडे का होते, हे सांगणे आवश्यक आहे. आम्ही महिला कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा करून तेथील नळ बदलून घेतला, छत लिंपून घेतले, दाराला कडी व कुलूप बसवून घेतले, आणि मावशी तेथील फरशी स्वतःच्या घराच्या ओट्यासारखी पुसत. उंदीर तेथे फिरकत नसत. थोडक्यात, ती खोली आम्ही इतकी नीट राखली, की ती आमच्याकडे राहू शकली नाही. अण्णांनी खोकी आत रचली, कुलूप लावले, आणि किल्ली घेऊन जाताना मला म्हणाले, "ताई, राग मानू नका. एवढी चांगली जागा अख्ख्या इमारतीत नाही." ते मनापासून बोलत होते.

४. उद्घाटन झाले की खोकी उघडली जातील व जागा मोकळी होईल, असे तेव्हा ठरले होते. उद्घाटनासाठी प्रमुख पाहुण्यांची तारीख लागते. प्रमुख पाहुण्यांची तारीख आधी मिळाली नाही, मग मिळाली पण तेव्हा आपण प्रशिक्षणास गेला होता, मग आपण होता तर सभागृहाच्या छतातून अध्यक्षांच्या खुर्चीवर थेंब पडत होता, मग खुर्ची सरकवली तर नवीन तारीख मागवावी लागली. या काळात खोक्यांवर "जनजागृती साहित्य, तातडीचे" ही चिठ्ठी तशीच आहे.

५. दरम्यान पाण्याची घंटा मात्र सुरू झाली, कारण घंटेला उद्घाटनाची अट नव्हती. परिपत्रकानुसार शिपाई मामा दर तासाला घंटा वाजवितात, प्रत्येकाने जागेवर उभे राहून पेलाभर पाणी प्यायचे असते आणि रिकामा पेला पर्यवेक्षकांना उलटा करून दाखवायचा असतो. (ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे, असे माहितीपत्रकात स्पष्ट आहे, पण पत्रक खोक्यात असल्याने लेखा शाखेतील हृदयविकार असलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना रोज रिकामाच पेला उचलून तो रिकामा असल्याचे दाखवावे लागते. त्यांचा अभिनय सुधारत आहे.) आपल्या कार्यालयाचा पाणी पिण्याचा मासिक अहवाल वरिष्ठ कार्यालयात वाचून दाखविण्यात आला व इतरांना आदर्श म्हणून पाठविण्यात आला, याचा मला अभिमान वाटायला हवा होता.

६. महिला कर्मचाऱ्यांनी या काळात काय केले, याचा उल्लेख मासिक अहवालात नाही. तळमजल्यावरील महिला स्वच्छतागृहाच्या जागी जनरेटर बसविला आहे. दुसरा मजला दुसऱ्या विभागाचा असून तेथील महिलांनी स्वतःच्या स्वच्छतागृहास आकड्यांचे कुलूप लावले आहे व आकडा गुप्त ठेवला आहे. आमच्यातील एकीची सख्खी जाऊ तेथे काम करते. तिनेही सांगितलेला नाही. तो विषय घरचा असल्याने येथे वाढवीत नाही. आमच्या मजल्यावरील पुरुष सहकाऱ्यांनी त्यांचे स्वच्छतागृह ठराविक वेळी मोकळे ठेवण्याची तयारी दाखविली, ही नोंद कृतज्ञतापूर्वक करते. तथापि त्या दाराला आतून कडी नाही. मामांनी बाहेर उभे राहून सतत खोकत राहण्याची जबाबदारी स्वीकारली होती. परंतु घंटेची वेळ झाली की त्यांना जावे लागे, खोकला थांबे, आणि खोकला थांबला म्हणजे जागा मोकळी झाली असा लोकांचा समज होई. एका प्रसंगानंतर ही व्यवस्था परस्पर संमतीने बंद करण्यात आली.

समोरच्या इमारतीत एक दंतवैद्य आहेत व त्यांच्या प्रतीक्षागृहाला लागून स्वच्छ सोय आहे. आम्ही जेवणाच्या सुट्टीत तेथे जाऊन बसू लागलो. काही काळाने दंतवैद्यांच्या लक्षात आले, की पाणीपुरवठा विभागातील स्त्रिया गटागटाने येतात, मासिक चाळतात आणि नाव पुकारण्यापूर्वी प्रसन्न चेहऱ्याने निघून जातात. सद्गृहस्थ आहेत. त्यांनी मला बाजूला बोलावून म्हटले, "बाई, माझी हरकत नाही, पण निदान एकीने तरी तोंड उघडत जा. बाकीच्या पेशंटना वाटतं, तुम्ही माझा चेहरा बघून पळता." तेव्हापासून आम्ही पाळीपाळीने दात तपासून घेतो. आमच्या शाखेतील सर्व महिलांचे दात सुस्थितीत आहेत. माझी एक दाढ गरज नसताना दोनदा साफ झाली आहे.

७. हे दिवसातून एकदाच जमते. घंटा मात्र तासातासाला होते. त्यामुळे आम्ही खिडकीखालच्या 'हरित कार्यालय' योजनेतील कुंड्यांमध्ये पाणी ओतू लागलो. पेला रिकामा होई, पर्यवेक्षक समाधान पावत. मुळे कुजून सर्व झाडे मेली. त्यावर आस्थापना शाखेने आम्हास ज्ञापन दिले, की झाडांना पाणी न घातल्याबद्दल खुलासा करावा. महोदय, मी पदवीला तर्कशास्त्र घेतले होते. तरीही हा खुलासा मला लिहिता आलेला नाही.

८. आता खिडकी क्रमांक दोनविषयी. तेथील कनिष्ठ लिपिक नुकतीच सेवेत आली असून परिविक्षाधीन आहे. वयाने सर्वात लहान म्हणून तिला सर्वजण धाकटी म्हणतात, ग्राहकसुद्धा. "धाकटीच्या खिडकीला उभे राहा, ती ऐकून घेते," असे रांगेतील लोक एकमेकांना सांगतात. तिला लघवीच्या संसर्गाचा त्रास पूर्वी झालेला होता. तिने कुंडीचा मार्गही पत्करला नाही, कारण तिला झाडांचे वाईट वाटले. तिने सरळ पाणी पिणे बंद केले. घंटेला ती पेल्यात घोटभरच पाणी घेई, आणि तेवढे पिऊन पेला उलटा करून दाखवी. मी हटकल्यावर म्हणाली, "ताई, सकाळी निघताना थोडं पिते, मग घरी जाऊनच. सवय होते हो." महोदय, 'सवय होते' हे वाक्य नोकरी करणाऱ्या बायका फार सहज बोलतात. ते बोलताना कोणीही मूत्रपिंडांना विचारलेले नसते.

९. यानंतर तिच्या सासूबाई कार्यालयात आल्या. त्या शिवणकाम करतात व स्पष्ट बोलतात. त्यांनी सुनेला न सांगता टोकन घेतले, रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर माझ्या खिडकीत म्हणाल्या, "तक्रार लिहून घ्या. पाण्याचीच आहे."

मी नियमानुसार विचारले, की पाणी येत नाही, कमी दाबाने येते, गढूळ येते, की गळती आहे.

"पाणी येतंय, बाई. तुम्ही तासातासाला पाजताय. ते जाऊ कुठं द्यायचं, तेवढं सांगा. सून आहे माझी, टाकी नाही."

मी म्हटले, की हा प्रकार यादीत नाही.

"मग यादीत घाला. मी बसते तोवर." आणि त्या समोरच्या बाकावर बसल्या, पिशवीतून एक सदरा काढला आणि त्याला बटणे लावू लागल्या. धाकटी शेजारच्या खिडकीत मान खाली घालून बसली होती. रांगेतील एका काकांनी "आजी, बरोबर बोललात" असे म्हटल्यावर सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या नळाचं बघा."

तक्रार 'इतर' या सदरात नोंदवून घेतली. 'इतर' सदरातील तक्रारी प्रथेप्रमाणे गळती पथकाकडे जातात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पथकाचे मुकादम, फावडी व पाइप घेतलेली माणसे तिसऱ्या मजल्यावर आली. मुकादमांनी कुलूपबंद दाराकडे पाहिले, फरशी पाहिली, छत पाहिले आणि विचारले, "गळती कुठाय?" मावशी तेथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गळतच नाही, तीच तर अडचण झालीय." पथकाने 'गळती आढळली नाही, तक्रार निकाली' असा अहवाल दिला. कार्यालयाच्या निकाली तक्रारींत एकाची भर पडली.

१०. त्या आठवड्याच्या शेवटी धाकटी खिडकीत बसल्या बसल्या थंडीने थरथर कापू लागली. एका ग्राहकाला ती मीटरचा क्रमांक विचारत होती आणि तिचे दात वाजत होते. मी तिच्या कपाळाला हात लावला तर भाजत होते. मामांनी रिक्षा आणली. रुग्णालयात तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तिच्या पाठीला, बरगडीच्या खाली, हलकेच थोपटले, तेव्हा एरवी आवाज न चढवणारी ही मुलगी ओरडली. संसर्ग वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी विचारले, "दिवसभरात पाणी किती पिता?" धाकटीने माझ्याकडे पाहिले. "ऑफिस आहे का वाळवंट?" डॉक्टरांनी मला विचारले. मी म्हटले, "पाणीपुरवठा विभाग आहे."

नंतर त्यांनी जे सांगितले ते मी आपल्या माहितीसाठी जसेच्या तसे देते, कारण माहितीपत्रकापेक्षा ते थोडक्यात आहे : "या वेळी वेळेवर आलात, बरी होईल. पण हे असंच पुन्हा पुन्हा झालं तर मूत्रपिंडावर वण राहतात, आणि ते पुसता येत नाहीत. हिला औषध मी देते. पाणी आणि बाथरूम तुम्ही द्या." सासूबाई तेथे होत्या. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते, असे मला वाटत राहिले.

११. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांखाली 'भरपूर पाणी. दर दोन-तीन तासांनी लघवीस जाणे' असे लिहिले होते. मी ती माझ्या अर्जासोबत सादर केली. आस्थापना शाखेने ती चिठ्ठी वैद्यकीय खर्चाची मागणी समजून तपासली व 'सदर उपचार (लघवीस जाणे) प्रतिपूर्तीयोग्य बाबींच्या यादीत समाविष्ट नाही, सबब परत' असा शेरा मारून परत पाठविली. सोबत दुसरे पत्र होते : धाकटीची अनुज्ञेय रजा संपली असून, परिविक्षाकाळात यापुढे आजारपणामुळे गैरहजर राहिल्यास तिची सेवा समाप्त करण्यात येईल. ती दोन्ही पत्रे एकाच टाचणीला होती. पहिल्याप्रमाणे तिने कामावर असताना उपचार घ्यायचा नव्हता. दुसऱ्याप्रमाणे तिने आजारी पडायचे नव्हते. सोमवारी तिला रुजू होणे भाग होते.

१२. शनिवारी मी अण्णांकडे गेले. माझ्या आधीच्या अर्जांची भाषा बहुधा चुकत होती. मी जागा मागत होते, आणि अण्णांकडे जागा मागायची नसते, अट दाखवायची असते. अण्णा म्हणाले, "ताई, मला का कळत नाही? मला दोन मुली आहेत. पण मी खोकी उघड्यावर ठेवली आणि भिजली, तर माझी पेन्शन भिजेल. कोरडी, कुलूपबंद, उंदीर नसलेली जागा दाखवा. मी स्वतः उचलतो. नियमात बसलं की माझा जीव शांत."

मग अण्णा, मामा, मावशी व मी असे चौघे निघालो. अभिलेख कक्षास कुलूप आहे, परंतु तेथील उंदरांनी जुन्या मीटरच्या नोंदी जवळपास वाचून संपविल्या आहेत. सभागृहात बादली ठेवलेली आहे. जिन्याखालची जागा कोरडी आहे, पण तिला दारच नाही. मामांनी लिफ्ट सुचविली. ती कोरडी आहे, बंद करता येते, आणि उंदीर तिच्यात शिरत नाहीत. पण लिफ्ट सुस्थितीत चालू असल्याचा अहवाल आपण वर पाठविलेला असल्याने अण्णांनी तिच्यात काही ठेवण्यास नकार दिला. "कागदावर ती वर-खाली करते," ते म्हणाले. "खोकी सारखी हलली तर आतली मूत्रपिंडं चेंबतील."

आम्ही परत येऊन आपल्या दालनासमोर उभे राहिलो. तेथे उभे राहण्यामागे कोणताही हेतू नव्हता. मजल्यावर पंखा चालू असलेली तेवढीच जागा आहे. मावशी पदराने घाम पुसत हळूच म्हणाल्या, "साहेबांच्या आतली खोली बघितली का कुणी?"

रोजच्या झाडलोटीसाठी दालनाची किल्ली मामांकडे असते. अण्णांनी बूट बाहेर काढले व आत गेले. त्यांनी आपल्या दालनास जोडलेल्या खाजगी स्वच्छतागृहाच्या भिंतींना हात लावून पाहिला, फरशीवर वर्तमानपत्र अंथरून ते भिजते का ते पाहिले, कुलूप उघडून-लावून पाहिले, कोपऱ्यात वाकून उंदरांचा माग पाहिला. मग ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "ताई, परिपत्रक काढा. 'अधिकाऱ्यांची खोली वगळून' असं कुठं लिहिलंय का?"

मी परिपत्रक दोनदा वाचले. असे कोठेही लिहिलेले नाही.

"मग बसलं," अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. पहिले खोके त्यांनी स्वतः खांद्यावर घेतले.

१३. सबब सादर करण्यात येते, की मूत्रपिंड आरोग्य जनजागृती अभियानाचे संपूर्ण साहित्य सद्यःस्थितीत आपल्या खाजगी स्वच्छतागृहात, जमिनीपासून छतापर्यंत, व्यवस्थित रचून ठेवण्यात आले आहे. पुठ्ठ्याचे सर्वात मोठे मूत्रपिंड खोक्यातून डोकावत असल्याने दार लावण्यासाठी मामांना खांदा लावावा लागला. मूत्रपिंडास इजा झालेली नाही. किल्ली भांडार शाखेत आहे. परिपत्रकानुसार हे साहित्य उद्घाटनापूर्वी हलविता वा उघडता येत नाही, आणि अण्णा ती अट आपल्यासाठीही शिथिल करणार नाहीत, असे त्यांनी मला अत्यंत आदराने सांगितले आहे. उद्घाटनाची तारीख लवकर ठरविण्यात कोणाचे हित आहे, याविषयी मत व्यक्त करणे माझ्या अधिकारात बसत नाही.

आपली गैरसोय होऊ नये यासाठी पुरुष स्वच्छतागृहाला आतून कडी बसवून घेतली आहे. इतके दिवस ती का बसत नव्हती, असे मी सुताराला विचारले असता तो म्हणाला, "कुणी सांगितलंच नव्हतं."

१४. तरी विनंती, की सदर स्थलांतरास कार्योत्तर मंजुरी मिळावी; महिला स्वच्छतागृह यापुढे कोणत्याही अभियानासाठी, मग ते महिलांच्याच आरोग्याचे असो, गोदाम म्हणून वापरण्यात येऊ नये; तक्रार खिडकीवरील कर्मचाऱ्यास जागा सोडावी लागल्यास शेजारच्या खिडकीने रांग सांभाळावी, असा लेखी आदेश व्हावा; आणि धाकटीची रुग्णालयातील रजा तिच्या सेवेच्या आड येऊ नये. शेवटची विनंती नामंजूर करून पहिल्या सर्व मंजूर करण्यापेक्षा, पहिल्या सर्व नामंजूर करून शेवटची मंजूर केलेली मला चालेल. शिस्तभंगाची कारवाई करावयाची झाल्यास ती केवळ माझ्यावर करावी. अण्णांनी नियम पाळला आहे, मामांनी किल्ली नेहमीप्रमाणे वापरली आहे आणि मावशींनी फक्त एक प्रश्न विचारला होता.

१५. दूत या नात्याने आजचा अहवालही येथेच जोडते. धाकटी आज सकाळी रुजू झाली. चेहरा अजून उतरलेला आहे. पहिल्या घंटेला ती उभी राहून पूर्ण पेला पाणी प्यायली, दुसऱ्या घंटेलाही. त्यानंतर काही वेळाने तिने एका ग्राहकाचा अर्ज हातात असतानाच माझ्याकडे पाहिले, मी मान डोलावली, आणि ती खिडकी सोडून गेली. रांगेतील लोकांना मी सांगितले, की बाई आत गेल्या आहेत, येतील. थोड्या वेळाने ती आली, हात पुसत खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "हं काका, कुठवर आलो होतो आपण?" मधल्या वेळात, महोदय, तक्रार खिडकीसमोर उभ्या असलेल्या त्या पूर्ण रांगेतून एकही तक्रार आली नाही.

आपली नम्र आणि, परिच्छेद १३ वगळता, आज्ञाधारक,

(सही)
वरिष्ठ लिपिक, ग्राहक तक्रार खिडक्या
तथा मूत्रपिंड आरोग्य दूत (अतिरिक्त कार्यभार)

दिनांक : सोमवार, दुपारच्या घंटेपूर्वी

सोबत :
१) जागा अटींची पूर्तता करीत असल्याबाबत भांडारपालांचा स्वाक्षांकित शेरा.
२) डॉक्टरांची चिठ्ठी, आस्थापना शाखेच्या शेऱ्यासह.
३) माहितीपत्रकाची नमुना प्रत. संबंधित मुद्द्याचा दुसरा भाग अधोरेखित केला आहे.
४) आपल्या स्वच्छतागृहातील साबण, टॉवेल व कंगवा, पाकीटबंद. पोच द्यावी.